‘मध्ये’, ‘मधून’ आणि मल्टिमीटर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलं की काही शे रुपयांत एक डिजिटल मल्टिमीटर हाती पडतो. वर आकडे दाखवणारी पट्टी, मध्यभागी फिरवायचा गोल खटका, खाली तीन भोकं आणि त्यांत खुपसायच्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. खटक्याभोवती बरंच काही छापलेलं असतं, पण ऐवज तिघांचाच असतो: व्होल्ट, अँपियर आणि ओहम. तिन्ही माणसांची नावं. व्होल्टा इटलीचा, अँपियर फ्रान्सचा, ओहम जर्मनीचा. ही नावं एककं म्हणून जगभर पक्की झाली ती 1881 साली पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत.

या तीन राशींचं मराठी व्याकरण वेगवेगळं आहे. व्होल्टेज दोन ठिकाणांच्या मध्ये असतं. करंट वस्तूमधून जातो. रोध वस्तूचा असतो. मध्ये, मधून आणि चा. मीटर कसा वापरावा याची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण माझ्या मते सुरक्षिततेचा निम्माअधिक भाग या तीन चिमुकल्या रूपांत आलेला आहे. शब्दांचा नीट विचार केला तर खटका कुठे फिरवायचा आणि लाल वायर कुठल्या भोकात घालायची, हे पाठ करावं लागत नाही.

आधी यंत्राच्या नावाचं बघू. जुने रेडिओ मेकॅनिक याला ‘अ‍ॅव्होमीटर’ म्हणत, अजूनही काही म्हणतात. त्यातले ‘ए’, ‘व्ही’ आणि ‘ओ’ म्हणजे अँपियर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरं. ब्रिटिश पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकॅडी नावाचे इंजिनियर होते. टेलिफोनच्या लाइनी तपासायला तीन-तीन उपकरणं बाळगावी लागत, म्हणून त्यांनी तिन्ही एका पेटीत बसवली. 1923 साली हा अ‍ॅव्होमीटर विक्रीला आला आणि त्याचे वारसदार 2008 पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होते. ‘मल्टिमीटर’ हे नाव त्या मानाने सपाट आहे. ‘मल्टी’ म्हणजे पुष्कळ, हे लॅटिन, आणि ‘मीटर’ ग्रीक ‘मेत्रोन’पासून. हा ‘मेत्रोन’ आणि आपली ‘मात्रा’ एकाच घरातले आहेत. ज्या मुळातून संस्कृतात ‘मा’ हा मोजण्याचा धातू आला आणि पुढे मान, माप, परिमाण, मात्रा झाले, त्याच मुळाचा ग्रीक फाटा म्हणजे मीटर. म्हणून रिक्षाचा मीटर, विजेचा मीटर, कापडाचा मीटर हे शब्द परके असूनही आपल्या तोंडी बिनबोभाट बसले असावेत, असं मला वाटतं. हिंदीत ‘बहुमापी’ हा प्रतिशब्द आहे. शब्द वाईट नाही, पण दुकानात जाऊन तो कुणी मागत नाही.

आता ‘मध्ये’ आणि ‘मधून’. हा भेद ज्याने पहिल्यांदा शब्दांत पकडला तो स्वतः अँपियर. 1820 साली कोपनहेगनला ओर्स्टेडने दाखवून दिलं की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई वळते. ती वार्ता सप्टेंबरात पॅरिसला पोचली आणि काही आठवड्यांत अँपियरने आपला निबंध सादर केला. विजेचे परिणाम दोन तऱ्हांचे असतात, असं त्याने सुरुवातीलाच मांडलं. एक ‘तांसियाँ’, म्हणजे ताण, आणि दुसरा ‘कुराँ’, म्हणजे प्रवाह. वाट तुटलेली असताना टोकांच्या मध्ये ताण असतो. वाट जुळली की तिच्यातून प्रवाह सुरू होतो. आज मल्टिमीटरच्या खटक्यावर ‘व्ही’ आणि ‘ए’ ही घरं वेगळी आहेत ती याच भेदामुळे.

‘तांसियाँ’ इंग्रजीत ‘टेन्शन’ झालं आणि तिथून मराठीत आलं. डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मनोऱ्यांच्या लाइनीला आपल्याकडे ‘हाय टेन्शन’ म्हणतात आणि दहावीच्या मुलाच्या आईलाही टेन्शन असतं. लॅटिन ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. त्याच्या मुळाशी जे ‘तेन्’ आहे तेच संस्कृतातलं ‘तन्’. त्यातून तंतू आला, गवयाची तान आली आणि मराठी ताण आला. म्हणजे ‘टेन्शन’ आणि ‘ताण’ ही भाषांतराची जोडी नव्हे, ती सख्खी भावंडं आहेत. हजारो वर्षं वेगळी राहिली आणि वायरमनच्या पिशवीत पुन्हा भेटली.

महावितरणच्या कागदपत्रांत मात्र ताण नाही, दाब आहे: उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी, कमी दाबाने वीजपुरवठा. ‘दाब’ शब्द सोपा आहे, कळतो, नळाच्या पाण्यामुळे ओळखीचाही आहे. पण त्यात एक खोट आहे. दाब एकाच ठिकाणी असू शकतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. ‘या वायरला व्होल्टेज किती?’ हा प्रश्न त्यातूनच निघतो आणि तो अर्धाच आहे. हिच्यात आणि कशात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. शाळेच्या पुस्तकातला ‘विभवांतर’ हा शब्द जिभेला जड आहे, मुलं त्याला कंटाळतात, तरी मी त्याच्या बाजूने उभा आहे. कारण त्याच्या शेपटीला ‘अंतर’ आहे. दोन ठिकाणं नसतील तर अंतर कसलं? मीटरला दोन वायरी का, हे या एका शब्दात येऊन जातं.

मोजताना हे असं दिसतं. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल ‘व्ही’च्या भोकात. खटका एसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या घरावर, म्हणजे 600 किंवा 750 वर. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होणारी. तिचं शिखर प्रत्यक्षात 325 व्होल्टपर्यंत जातं, म्हणून 200 च्या घरावर ती मोजायची नाही. बोटं प्रोबच्या कडीमागे, टोकाच्या धातूला लांब. काळं टोक आधी न्यूट्रलला, मग लाल फेजला, आणि काढताना आधी लाल. जमेल तेव्हा काळ्या टोकाला चिमटा लावून ते बसवून टाकावं, म्हणजे एकाच हाताचं काम उरतं आणि छातीतून वाट जुळण्याचा धोका घटतो. मीटर या वेळी मध्ये नुसता उभा असतो. चांगल्या मीटरचा आतला रोध 1 कोटी ओहम असतो, त्यामुळे 230 व्होल्टला त्याच्यातून जाणारा करंट अँपियरच्या लाखाव्या भागाच्या दोन-सव्वादोन पट एवढाच. तो बघतो, पीत नाही.

आणि इथेच मराठी बोली एक सापळा लावते. ‘करंट’ हा शब्द लॅटिन ‘कुर्रेरे’पासून आला. त्याचा अर्थ धावणे. कुरियर आणि कोर्स याच कुळातले. इंग्रजीत करंट म्हणजे वाहणारी वीज, एवढंच. मराठीत आल्यावर त्याने आपला संसार वाढवला. ‘गिझरला करंट येतोय’, ‘पत्र्यात करंट उतरलाय’, ‘बोर्डात करंट आहे का बघ’. यातल्या एकाही वाक्यात काही वाहत असेलच असं नाही. पत्र्याला कुणी हात लावेपर्यंत त्यातून काहीही वाहत नाही. पत्रा आणि जमीन यांच्या मध्ये फक्त ताण उभा असतो. म्हणजे बोलीत आपण करंट म्हणतो तेव्हा बहुधा अँपियरचा ‘तांसियाँ’ सांगत असतो.

बोलण्यापुरतं यात काही बिघडत नाही. पण नवा पोरगा मीटर घेऊन बसलेला असतो आणि मागून कुणी म्हणतं, ‘करंट आहे का बघ.’ पोरगा शब्दाला शब्द जुळवतो. करंट म्हणजे अँपियर, म्हणून खटका ‘ए’वर आणि लाल वायर 10 अँपियरच्या भोकात. मग दोन्ही टोकं सॉकेटात. ‘ए’च्या घरात मीटर मध्ये उभा राहत नाही, स्वतःमधून वाट देतो. त्या भोकामागे ओहमच्या शंभराव्या भागाएवढा रोध असलेली जाड तारेची कमान असते. फेज आणि न्यूट्रल यांना त्या कमानीने जोडणं म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. क्षणात शेकडो अँपियर वाहतात, प्रोबची टोकं वितळतात, चेहऱ्यासमोर जाळ होतो. चांगल्या मीटरमध्ये त्या वाटेवर वाळू भरलेला जाड फ्यूज असतो, तो जाळ आतल्या आत विझवतो. स्वस्त मीटरच्या 10 अँपियरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असतं. ते वाचावं. तिथे वाचवायला कुणी बसलेलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हीच दुर्घटना दुसऱ्या वाटेनेही होते. काल कुणी तरी अँपियर मोजले, लाल वायर त्याच भोकात राहिली, आज खटका मात्र व्होल्टवर. मीटरची आतली वाट भोक ठरवतं, खटका नव्हे. म्हणून हातात घेतल्यावर आधी भोकं बघायची, मग खटका, मग सॉकेट.

माझी मागणी लहान आहे. घरात काय म्हणायचं ते म्हणा, पण मीटर हातात असताना ‘सप्लाय आहे का बघ’ म्हणा, ‘व्होल्टेज बघ’ म्हणा. करंट हा शब्द तेवढ्या वेळापुरता वाहण्यासाठी राखून ठेवा.

करंट मोजायचाच असेल तर ‘मधून’ला एक पर्याय आहे: ‘भोवती’. क्लॅम्प मीटर, ज्याला आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन ‘टाँग टेस्टर’ म्हणतात, तो तारेभोवती जबडा मिटतो आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रावरून अँपियर सांगतो. तार तोडायची नाही, सोलायची नाही. ओर्स्टेडची सुई ज्यामुळे वळली तेच हे क्षेत्र. घरच्या विजेचे अँपियर मोजायला साध्या मल्टिमीटरपेक्षा मी याचीच शिफारस करीन.

करंटच्या क्रियापदांकडेही बघण्यासारखं आहे. शॉक बसतो, जसा चटका बसतो, मार बसतो. करंट लागतो, जशी ठेच लागते. आणि गावाकडे म्हणतात, ‘तारेला चिकटला.’ शहरी कानाला हे अडाणीपणाचं वाटतं, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते बिनचूक आहे. हातातून 10 मिलिअँपियरच्या आसपास करंट गेला की बोटं मिटवणारे स्नायू आखडतात, आणि ते उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदीचे असतात. माणसाला सोडायचं असतं, हात सोडत नाही. वीज ओढून घेत नाही, आपलीच मूठ वळते. घरातल्या आरसीसीबीवर 30 मिलिअँपियर लिहिलेलं असतं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढी तफावत पडली की ती सेकंदाच्या अंशात वाट तोडते. तिने वाट तोडावी ती हृदयाची लय बिघडायच्या आत, एवढाच त्या आकड्याचा हिशेब.

तिसरं रूप ‘चा’. रोध तारेचा, गिझरच्या कॉइलचा, बल्बच्या तंतूचा. तो वस्तूचा स्वतःचा गुण आहे, वीज असो वा नसो. संस्कृतात ‘रुध्’ म्हणजे अडवणे. विरोध, अवरोध, निरोधन ही सगळी त्याची पोरं. ‘रेझिस्टन्स’मधलं ‘सिस्तेरे’ म्हणजे उभं राहणं, उभं करणं. त्याचं नातं आपल्या ‘स्था’शी आहे आणि दोन्हीकडे रूप घडवताना धातूचं पहिलं अक्षर दुपटलं: इकडे ‘तिष्ठति’, तिकडे ‘सिस्तित’. आणि ओहम? जर्मनीत हे आडनाव ‘ओहाइम’वरून आलं. ओहाइम म्हणजे आईचा भाऊ. रोध मोजतो तो मामा.

या मामाला जागी वस्तू चालत नाही. रोध मोजताना मीटर आपल्या बॅटरीतून थोडा करंट स्वतः पाठवतो आणि उत्तर काढतो. तिथे बाहेरची वीज असेल तर उत्तर खोटं येतं आणि मीटरही जातो. म्हणून प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि कपॅसिटर रिकामा करायचा. जुने मेकॅनिक कपॅसिटरला ‘कंडेन्सर’ म्हणतात आणि आता तो शब्द मागासलेला समजला जातो. पण तो 1782 साली खुद्द व्होल्टाने घडवलेला शब्द आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला हा कंडेन्सर दोन-दोन हजार व्होल्ट धरून बसतो, प्लग काढल्यावरही. तो ओव्हन घरी उघडूच नये.

मल्टिमीटर येण्याआधी, आणि आल्यावरही, वायरमनच्या खिशाला जे लावलेलं असतं तो टेस्टर. ‘टेस्ट’ शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘तेस्तुम’ आहे, म्हणजे मातीचं भांडं. त्यात सोनं-चांदी वितळवून कस बघत. मराठी ‘कसोटी’ आली ‘कषपट्टिका’पासून, सोनं घासून बघायच्या काळ्या दगडावरून. युरोपात भट्टी, इकडे दगड, पण दोन्ही शब्द सोनारांच्या पेढीवरचे. सराफाला एक गोष्ट ठाऊक असते. दगडच भरवशाचा नसेल तर त्यावरच्या रेघेला किंमत नाही. विजेच्या कामातही हाच शिरस्ता आहे. सप्लाय बंद केला, तार मेली आहे असं मीटर सांगतो, पण मीटरच मेला असेल तर? म्हणून आधी जिथे वीज नक्की आहे अशा सॉकेटवर मीटर बघायचा, मग बंद केलेली तार, मग पुन्हा तेच चालू सॉकेट. तिन्ही वेळा पटलं तरच हात लावायचा. ‘लाईट गेली’ एवढ्यावर विसंबून तर कधीच नाही. मराठीत लाईट जाते आणि येते, आणि शेजारच्या इन्व्हर्टरमधून किंवा जनरेटरमधून ती उलट्या वाटेनेही येते. लाइनीवर काम करणाऱ्यांचे जीव अशा उलट्या विजेनेही गेले आहेत.

उलटही घडतं. कुठेच न जोडलेल्या वायरीवर मीटर 60-70 व्होल्ट दाखवतो. शेजारून जाणाऱ्या चालू तारेचा तो पडसाद असतो, आणि मीटर इतका कमी करंट पितो की तेवढ्यानेही आकडा उमटतो. छोटा बल्ब लावला की तो आकडा नाहीसा होतो.

आकडा म्हटल्यावर डिजिटलकडे वळायला हवं. ‘डिजिट’ म्हणजे लॅटिनमध्ये बोट, कारण मोजणी बोटांवर झाली. आपला ‘आकडा’ ‘अंक’पासून, आणि संस्कृतात ‘अंक’ म्हणजे वाक, हूक, खूण आणि संख्याही. मराठी आकड्याने दोन्ही अर्थ जपले: मीटरवर दिसतो तो आकडा, आणि चोरून वीज घ्यायला तारेवर टाकतात तोही आकडाच. पहिला मोजतो, दुसरा मोजू देत नाही. आकडे दाखवणारा व्होल्टमीटर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आला, टेबलावर ठेवायचा. हातात मावणारा डिजिटल मल्टिमीटर खऱ्या अर्थाने रुळला तो 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात. साध्या मीटरच्या पेटीवर ‘साडेतीन डिजिट’ लिहिलेलं असतं. पाश्चात्त्य वाचकाला ‘अर्धा अंक’ विचित्र वाटत असेल, मराठी माणसाला वाटू नये. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. ‘साडे’ आलं ‘सार्ध’पासून, अर्ध्यासह. शहाण्यांत नाना फडणवीस अर्धे, कारण ते मुत्सद्दी होते पण तलवारबहाद्दर नव्हते, असं सांगतात. मीटरवर डावीकडचा पहिला आकडा अर्धा, कारण तो एकच होऊ शकतो किंवा गायब, त्याला दोन ते नऊ ठाऊकच नाहीत. म्हणून सगळ्यात मोठी नोंद 1999. बाकीचे तीन आकडे शून्यापासून नऊपर्यंत पुरे शहाणे.

शेवटी एक शब्द ज्याच्याशी माझं भांडण आहे: ‘तटस्थ’. न्यूट्रल वायरीला पुस्तकांत तटस्थ तार म्हणतात. तटावर उभा राहिलेला, प्रवाहात न उतरलेला, तो तटस्थ. मराठीतला हा फार सुंदर शब्द आहे आणि इथे तो साफ चुकीच्या जागी बसला आहे. घरात फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, ती वायर भर पात्रात असते. पडताळा घ्यायचा तर टाँग टेस्टरचा जबडा फेज आणि न्यूट्रल दोघींभोवती एकदम मिटा. शून्य दिसेल, कारण दोन्ही करंट सारखे आणि उलट दिशांचे. एकटीभोवती मिटला की खरे अँपियर दिसतात, मग ती कुठलीही असो. न्यूट्रल मधेच तुटला तर पुढचा तुकडा चालू उपकरणातून आलेल्या 230 व्होल्टांवर उभा राहतो. आणि तीन फेजच्या गल्लीत खांबावरचा न्यूट्रल तुटला तर कुणाच्या घरी व्होल्टेज पडतं, कुणाच्या घरी 400 कडे चढतं आणि टीव्ही, फ्रिज एका फटक्यात जातात. याला तटस्थ म्हणणं म्हणजे शिकणाऱ्याला गाफील ठेवणं. वर्कशॉपमध्ये सगळे ‘न्यूट्रल’च म्हणतात आणि ते बरं आहे.

ही वायर किती तटस्थ आहे ते घरच्या तीन पिनच्या सॉकेटवर मीटरने बघता येतं. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्या मध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या मध्ये एखाद-दोन व्होल्ट. ते एखाद-दोन व्होल्ट गिझर चालू केल्यावर किंचित वाढतात, कारण परतीचा करंट न्यूट्रलच्या रोधावर आपली खूण ठेवतो. न्यूट्रल-अर्थमध्ये 230 दिसले आणि फेज-अर्थमध्ये शून्य, तर वायरमनने दोन वायरींची अदलाबदल केली आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये 230 आणि फेज-न्यूट्रलमध्ये शून्य, तर न्यूट्रल मागे कुठे तरी तुटला आहे आणि एखादं उपकरण चालू राहिलं आहे. अशा वेळी मेन स्विच पाडायचा आणि जाणत्या माणसाला बोलवायचं.